पोटखराब्यातला जोकर

महसूल खात्यात मी ३६ वर्षं काढली. त्यातली २२ तलाठी म्हणून आणि उरलेली सर्कल म्हणून. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं शासनानं ठरवलंय. आमच्या काळी लोक तोंडावर 'भाऊसाहेब' म्हणत आणि पाठ वळली की जे म्हणत ते छापण्यासारखं नाही. निवृत्तीच्या सत्कारात शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ दुसऱ्याच महिन्यात बंद पडलं. माझी नोंदी करायची सवय मात्र चालूच राहिली. दूध किती आलं, सिलिंडर कधी लावला, जिन्यातला दिवा कोणी चालू ठेवला, सगळं लिहून ठेवायचं. बायकोनं वर्षभर सोसलं. मग एके सकाळी कॅलेंडरवर मी लिहिलेलं 'मेथी, अर्धी जुडी शिल्लक' वाचून ती म्हणाली, "अहो, या घराचा फेरफार आता बास झाला. लिहायचंच असेल तर बाहेर जाऊन काहीतरी लिहा."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनीही रोज पाच किलोमीटर चालायला सांगितलं. दोन वेगवेगळ्या खात्यांनी एकाच कामाचा एकाच वेळी आदेश काढलेला मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. निघालो.

चालायला आमच्याकडे जागेची वानवा नाही. जेजुरी सोडून मोरगावच्या रस्त्याला लागलं की दोन्ही हातांना माळ दिसू लागतो. पाऊस जेमतेम, माती वीतभर, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली कातळ. झाड म्हणावं तर एखादी बाभूळ, एखादा हिवर. बाकी सगळं गवत. कुसळी, पवन्या, मारवेल. या माळाशी माझी ओळख फार जुनी, कारण त्याची पीक पाहणी मी वर्षानुवर्षं केली आहे. केली म्हणजे लिहिली आहे. आणि लिहिली म्हणजे, आता पेन्शन सुरू झाली आहे तेव्हा सांगायला हरकत नाही, चावडीपुढच्या लिंबाखाली खुर्ची टाकून कोतवालाला विचारून लिहिली आहे.

"तिकडं माळाला काय आहे रे?"

"काय न्हाई भाऊसाहेब. गवातच की."

की मी बारा नंबरात 'गवतपड' लिहून मोकळा. जिथं कातळ उघडा होता तिथं सात नंबरात माझ्या आधीच कोणीतरी 'पोटखराब अ' लिहून ठेवलेलं होतं. ज्यांच्याकडे सातबारा नाही अशा सुखी लोकांसाठी सांगतो, पोटखराब म्हणजे जमिनीचा पिकाला निरुपयोगी तुकडा. त्याच्यावर शेतसारा नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचं लक्षही नाही. मला हा शब्द नेहमीच आवडत आलाय. जमिनीचं पोट खराब आहे असं एकदा शासनानं लिहून ठेवलं की त्यावर कोणी जेवतंय का, हे बघायला पुन्हा कोणी जात नाही. केंद्र सरकारही देशातल्या पडीक जमिनींचा एक अॅटलास काढतं. त्यात असे कितीतरी माळ पडीक म्हणूनच रंगवलेले आहेत. म्हणजे लिंबाखाली खुर्ची टाकून बसणारा मी एकटा नव्हतो.

या माळावर मी पहिल्यांदा पाय ठेवला तो निवृत्तीनंतर. तोही कोलेस्टेरॉलसाठी.

नोंदवहीची सोय माझ्या पुतणीनं केली. ती पुण्यात प्राणीशास्त्र शिकते. गणपतीला आली तेव्हा मी माळावर दिसलेल्या टिटव्या वहीत मोजून ठेवल्याचं तिनं पाहिलं आणि माझ्या फोनमध्ये 'आयनॅचरलिस्ट' नावाचं अॅप घालून दिलं. "काका, सप्टेंबरात देशभर बिग बटरफ्लाय मंथ असतो. सगळे आपापल्या गावातली फुलपाखरं नोंदवतात. तुम्ही तुमच्या माळावरची नोंदवा." नोंद म्हटल्यावर माझे कान टवकारले. नियम विचारले. फोटो हवा, तारीख हवी, ठिकाण हवं. ठिकाण फोन आपणहून घेतो. सुरुवातीला नोंद कच्ची राहते. मग जाणकार ती बघतात आणि निदान दोघांचं ओळखीवर एकमत झालं की ती पक्की होते. कोणाचा आक्षेप आला की लटकते.

मला हसू आलं. पोरीला वाटत होतं ती मला काही नवीन शिकवतेय. अहो, हा तर शुद्ध फेरफार. सहा नंबरला नोंद धरायची, नऊ नंबरची नोटीस काढायची, पंधरा दिवस हरकतीची वाट बघायची, हरकत आली तर सहा-अ ला वादग्रस्त म्हणून घ्यायची आणि शेवटी सर्कलनं प्रमाणित करायची. हजारो नोंदी मी अशा मंजूर केल्यात आणि शेकडो रद्द. हात इतका बसलेला असताना चार फुलपाखरांचं काय मोठंसं?

पहिलीच नोंद रद्द झाली.

राज्य जैवविविधता मंडळानं फुलपाखरांना मराठी नावं दिली आहेत आणि ती पुतणीनं मला पाठवली होती. रुईच्या झुडपाजवळ नारिंगी पंखांचं, काळ्या काठाचं एक फुलपाखरू संथपणे फिरत होतं. चित्रावरून ताडून मी 'बिबळ्या कडवा' असं ठोकून दिलं. संध्याकाळी पुतणीचा फोन. "काका, ती छोट्या चांदव्याची मादी आहे." बिबळ्या कडव्याची अळी रुईसारख्या चिकाच्या झाडांवर वाढते. त्यामुळे त्याचं अंग पुढे विषारी राहतं आणि एकदा चाखलेला पक्षी पुन्हा त्याला तोंड लावत नाही. छोट्या चांदव्याची अळी रुईच्या वाटेलाही जात नाही. मादी फक्त हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी नटून गावभर हिंडते. हा प्रकार माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. मूळ मालक मुंबईला असतो आणि इथं त्याच्या जागी तोतया इसम उभा करून खरेदीखत करतात. असे तीन तोतये मी नोकरीत आधार कार्ड निघायच्या आधीच्या काळात, नुसत्या चेहऱ्यावरून पकडले होते. आणि इथं दोन बोटांच्या एका बाईनं मला दिवसाढवळ्या फसवलं. तिचा नवरा तर काळा कुळकुळीत, पंखांवर मोठाले पांढरे ठिपके. दोघांची नावं एका खात्याला लावावीत असं काहीही त्यांच्या रूपात दिसत नाही.

दुसरी नोंद ग्रास ज्वेल नावाच्या फुलपाखराची. हे आपल्या देशातल्या सगळ्यात लहान फुलपाखरांपैकी एक. पंख पसरून जेमतेम दोन सेंटिमीटर. त्याच्यामागे मी पाऊण तास रांगलो. फोटोत माझा अंगठा फार सुरेख आला. तिसरी नोंद अतिशय स्पष्ट, रेखीव, एकही थरथर नसलेली होती. शेरा आला की हे बोरीचं वाळलेलं पान आहे.

यानंतर पुतणीनं मला जोकरचं नाव सांगितलं. बहुधा माझ्यावरून आठवलं असावं.

"काका, तुमच्या पट्ट्यात जोकर असायला हवा. कोरडा माळ आहे, खाजकोलती आहे. पण तिथली नोंदच मला सापडत नाही. मिळाला तर मोठं काम होईल." जागा आहे, कब्जा असावा, पण नोंद नाही. माझ्यातला सर्कल खुर्चीत ताठ बसला.

जोकर हे त्या फुलपाखराचं खरंखुरं इंग्रजी नाव. पंख पसरले की पाचेक सेंटिमीटर. नारिंगी अंगावर काळ्या पट्ट्या, रेघोट्या, नक्षी आणि मागच्या पंखांवर काळ्या ठिपक्यांची एक ओळ. पेंटरनं दिवसाच्या शेवटी उरलेला काळा रंग संपवून टाकावा तसं काम. आफ्रिका, अरबस्तान, भारत, श्रीलंका एवढा त्याचा पसारा. पण आपल्याकडे तो कोरड्या, उघड्या रानाला धरून राहतो आणि तिथंही सगळीकडे भेटत नाही. २०१५ साली राज्यानं आपलं एक फुलपाखरू निवडलं तेव्हा मान नीलवंताला गेला, तो काळा-निळा, राजबिंडा, झाडीतला. बरोबरच आहे. वऱ्हाडात पुढे बसवायचं ते असलंच माणूस बसवतात. माळावरच्याला कोण विचारतो?

या जोकरला शास्त्रीय नाव मिळालं १७७३ साली. त्या वर्षी आपल्याकडे शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तिकडे लंडनमध्ये ड्रू ड्रुरी नावाचे एक गृहस्थ बोटीतून आलेली, टाचणीला टोचलेली फुलपाखरं भिंगाखाली धरून त्यांची वर्णनं छापत होते. धंदा चांदीच्या भांड्यांचा, नाद किड्यांचा. १७७७ साली त्यांचं दिवाळं निघालं. (हा भाग बायकोनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.) या ड्रुरीसाहेबांनी जोकरच्या नावात इलिथिया ही ग्रीकांची देवी घातली. ती बाळंतपणाची देवी, म्हणजे आपल्या सटवाईची लांबची जाऊ. तोंडाला रंग फासलेला विदूषक आणि नाव सटवाईचं. असा इसम माझ्यापुढे खातेदार म्हणून आला असता तर मी दोन ओळखपत्रं मागितली असती.

आता खाजकोलतीबद्दल. ही एक सडपातळ वेल. कुंपणाला, झुडपाला, गवताच्या बुडख्याला वळसे घालत चढते. पानाची कड करवतीसारखी आणि अंगभर बारीक लव. त्या लवेत प्रत्येक केसाच्या टोकाशी कॅल्शियम ऑक्झॅलेटचा सुईसारखा एक स्फटिक असतो. हात लागला की केस मोडतो, स्फटिक कातडीत शिरतो आणि आतलं द्रव्य मागोमाग. जोकरची मादी नेमकी हीच वेल अंडी घालायला निवडते. सटवाईचं नाव घेतल्यावर बाळंतपणाची जागाही तशीच हवी. मात्र या वेलीवर आणखी एक कूळ नांदतं, ते कॅस्टर फुलपाखरांचं. मूळचे एरंडावरचे, पण खाजकोलतीही त्यांना चालते. रंगानं तेही तांबूस, नक्षी नागमोडी आणि जोकरचे हे जवळचे भाऊबंद. एकाच गटात दोन खातेदार, चेहरा मिळताजुळता, आडनाव वेगळं. पुढचं वर्षभर मी जोकर जोकर म्हणून कॅस्टरचे फोटो पाठवत राहिलो आणि पुतणी 'काका, कॅस्टर' एवढंच उत्तर पाठवत राहिली. शेवटी शेवटी तर नुसता एरंडाच्या झाडाचा फोटो पाठवायची.

दुसऱ्या वर्षीचा सप्टेंबर, दुसरा आठवडा. रात्री भुरभुर होऊन गेली होती, सकाळी दहाला कोवळं ऊन पडलं होतं. कमरेपर्यंत कुसळीत उभा होतो. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ही म्हण ज्यानं केली त्याच्या मोज्यात कधी कुसळ गेलं नसावं. गेलं असतं तर म्हण डोळ्यावर थांबली नसती. कुसळाला पुढे भाल्याचं टोक असतं, त्याच्यावर उलटे केस आणि मागे लांब, पीळ भरलेलं शेपूट. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा भरतो आणि दर खेपेला टोक थोडं पुढे. बी स्वतःला जमिनीत पेरतं ते असं. जमीन नाही सापडली तर माझी पोटरी. त्या दिवशी माझ्या डाव्या मोज्यात निदान गुंठाभर कुसळी पेरली गेली असेल.

आणि तेवढ्यात तो आला. गवताच्या शेंड्यांना लागून, दोन-तीन वेळा पंख मारायचे आणि मग तरंगत जायचं, अशा चालीनं. समोरच्या तापल्या दगडावर बसला आणि पंख उघडले. नारिंगी. काळे पट्टे. मागच्या पंखावर ठिपक्यांची ओळ. मी मोजली. कॅस्टरवर अशी ओळ नसते, हे पुतणीनं मला इतक्या वेळा बजावलं होतं की झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं.

मी फोन काढला, तो उडाला. दहा फुटांवर बसला. मी वाकून गेलो, तो उडाला. मोजणीच्या दिवशी हद्द दाखवायला निघालेला शेतकरी पुढे पुढे 'हितं, हितं' करत जातो आणि खुणेचा दगड काही येत नाही, तसा तो पुढे आणि मी मागे. अर्धा एकर झाला. मग तो गवताच्या एका ताटावर बसला, जमिनीपासून हातभर उंच. त्याच्या पातळीला यायचं तर मला बसणं भाग होतं. मी अगदी सावकाश, श्वास रोखून, मांडी न घालता, आपल्याकडे माळावर ज्या पद्धतीनं बसतात त्या पद्धतीनं बसलो. तोल जाऊ लागला म्हणून आणखी थोडा टेकलो.

आधी वाटलं मुंगी. मग वाटलं मुंग्या. मग नजर न वळवता हातानं चाचपलं आणि हातालाही तेच झालं. मी खाजकोलतीवर बसलो होतो.

त्या क्षणी मी जे पाहिलं ते इतक्या जवळून पुन्हा बघायला मिळेल असं वाटत नाही. जोकर चार पायांवर उभा होता. पुढचे दोन पाय आखडून छातीशी घेतलेले, कुंचल्याच्या केसांसारखे. म्हणून त्यांच्या कुळाला मराठीत कुंचलपाद म्हणतात. डोळा मोठा, तपकिरी. मिशांच्या टोकांना बारीक गुंड्या. वाऱ्यानं ताट हललं की तो पंख अर्धे मिटायचा, पुन्हा उघडायचा. इतक्या दिमाखात की आपलं नाव जोकर आहे हे त्याला कोणी कळवलेलंच नसावं. आमच्या दोघांत जोकर कोण, हा प्रश्न लांबून बघणाऱ्याला पडला नसता. माझ्या डोळ्यांतून पाणी, कमरेखाली आगीचा लोळ आणि हात मात्र पुतळ्यासारखा स्थिर. एक फोटो. दुसरा. बॅटरी चार टक्के. तिसरा.

"काय सर्कलसायेब," मागून आवाज आला, "पोट खराब झालंय का?"

खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मागे पन्नास मेंढरं आणि पुढे एक बोकड. मी मान हलवू शकत नव्हतो. आणि खरं उत्तर काय द्यावं तेही सुचेना, कारण जागा पोटखराबच होती, वर्ग अ.

"फुलपाखरू," मी ओठ न हलवता म्हणालो.

म्हातारबाबा माझ्याशेजारी उकिडवे बसले. खाजकोलती टाळून बसले, हे मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. बराच वेळ फुलपाखराकडे बघून म्हणाले, "ह्ये व्हय? ह्ये ह्या येलावरच असतंय की. पाऊस झाला की दिसतंय कधीमधी. माझ्या बापाच्या वक्तापास्नं." मी वर्षभर जो धुंडत होतो त्याची वहिवाट दोन पिढ्यांची निघाली. नोंद तेवढी नव्हती, आणि ती का नव्हती हे चावडीपुढच्या लिंबाला विचारा.

एवढ्यात बोकड मधे घुसला आणि जोकर उडून गेला. पुढे वाचनात आलं की खाजकोलतीचं शास्त्रीय नाव ट्रॅजिया. ते ज्या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ ठेवलंय त्यांचं आडनावच मुळी बोकड या अर्थाचं होतं. त्या दिवशी मात्र मला फक्त बोकड दिसत होता आणि सन्मानाची भावना अजिबात नव्हती.

घरी कसा गेलो ते सांगत नाही. दोन दिवस उभ्यानं जेवलो. बायकोनं खोबरेल तेलाची बाटली हातात दिली, "लावा तुमचं तुम्ही" म्हणाली आणि कॅलेंडरवर त्या तारखेला तिनं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं, 'ह्यांना फुलपाखरू चावलं.'

पण खरी गंमत गावात झाली. आमच्या पुरंदर तालुक्यात विमानतळाची चर्चा सुरू झाल्यापासून माळावर कोणी नुसता उभा राहिला तरी लोकांना त्याच्यात जरीब-साखळी दिसते. इथं तर निवृत्त सर्कल. हातात फोन, खिशात वही. वाकतोय, चालतोय, थांबतोय, बसतोय, फोटो काढतोय, लिहितोय. दिवस मावळायच्या आत सर्व्हे चालू झाल्याचं नक्की झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं जण सातबारा आणि पेढ्यांचा पुडा घेऊन घरी हजर. मी उभ्यानंच स्वागत केलं. त्यांना वाटलं मान दिला.

"सायेब, रिंगरोड हिकडनं हाय का इमानतळ?"

"अहो, तसलं काही नाही. फुलपाखरू आहे."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मोठा हळूच म्हणाला, "आस्सं. फुलपाखरू," आणि डोळा मिचकावला. त्यानंतरचा आठवडाभर तालुक्यात 'फुलपाखरू' हा एका मोठ्या प्रकल्पाचा सांकेतिक शब्द होता. एका एजंटाचा तर सासवडहून फोन आला. "साहेब, फक्त एवढंच सांगा, फुलपाखरू कुठल्या गटात बसलंय?" मी उभ्या आयुष्यात जमिनीची माहिती विचारणाऱ्याला खोटं सांगितलेलं नाही. गट नंबर सांगितला. त्या गटाचा भाव वाढल्याचं कोतवाल सांगतो. फुलपाखरू तिथंच आहे, अजून विकलं गेलेलं नाही.

इकडे नोंदीवर हरकत आली. एका जाणकारानं लिहिलं की वरची बाजू जोकरसारखी दिसते, पण फोटो तिरका आहे, पंखांची खालची बाजूही दाखवा. मला राग आला नाही. खरं सांगतो, अभिमान वाटला. अर्धवट कागदांवर नोंद मंजूर करणारे सर्कल मी पाहिलेले आहेत. हा माणूस तसा नव्हता.

पाच दिवसांनी पुन्हा गेलो. जाड पँट, दोन मोजे, पाठीवर बसायला प्लॅस्टिकचं स्टूल. बाबांनी लांबूनच हाक मारली, "या, तुमचं गिऱ्हाईक हितं हाय." त्यांनी काठीच्या टोकानं वेल दाखवली. तिच्या एका पानावर अळी होती, अंगभर फांद्याफांद्यांचे काटे, डोक्यावर दोन शिंगं. ज्या पानाला शिवलं की माणूस नाचतो ते पान ती कडेनं, ओळीनं, शाळेतल्या पोरानं बिस्किट कुरतडावं तशी खात होती. आणि तिच्यापासून वावभर अंतरावर जोकर पंख मिटून बसला होता, जणू फोटोचं पत्र त्याला मिळालं होतं. पंखांची खालची बाजू तांबूस-पिवळी आणि तिच्यावर आडवे फिकट पट्टे, काळ्या कडांचे. बाबांनी बोकडाची शिंगं धरून ठेवली. मी सहा फोटो काढले. सगळे स्पष्ट. अंगठा एकातही नाही.

रात्री अकरा चाळीसला दुसऱ्या जाणकाराचं एकमत आलं आणि नोंद पक्की झाली. मी उठून वहीत लिहिलं, 'नोंद प्रमाणित', खाली तारीख घातली आणि सही केली. शिक्का नव्हता, तो निवृत्तीच्या दिवशी जमा केला होता. पुतणीला फोन लावला. ती अभ्यासाला जागी होती. आनंदानं ओरडली. बायकोही जागी झाली. तिच्या ओरडण्यात आनंद तितकासा नव्हता.

गेल्या महिन्यात मी कचेरीत जाऊन आताच्या सर्कलना विचारलं, की त्या गटाच्या इतर हक्कात जोकरचं नाव लावता येईल का. वहिवाट आहे, पुरावा आहे, साक्षीदार म्हणून मेंढपाळ आहेत. पोरगा गुणी आहे. त्यानं चहा मागवला, माझी तब्येत विचारली आणि शुगर तपासून घ्या म्हणाला. मी त्याच्या जागी असतो तर हेच केलं असतं. बरं, २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली आहे. शेतकरी आपल्या शेतात उभं राहून आपल्या पिकाचा फोटो आपल्या फोनवरून टाकतो, तोही ठिकाणासकट. लिंबाखालच्या खुर्चीची गरजच उरलेली नाही. पण माळाच्या धन्यानं गवताचा फोटो कशाला टाकावा? बारा नंबरात तिथं अजूनही 'गवतपड'च आहे. अक्षर नाही, पण शब्द माझाच.

कोणाला बघायला यायचं असेल तर सप्टेंबरात या, सकाळी नऊ ते अकरा. पँट जाड घाला, मोजे जुने घाला. बाबा भेटले तर त्यांच्या बोकडाला केळं द्या, सहकार्य करतो. गावात कोणी विचारलंच तर फिरायला आलोय म्हणून सांगा, फुलपाखरू हा शब्द आमच्याकडे सध्या तोंडातून काढू नका. आणि बसायच्या आधी खाली बघा.